जागा राखणारी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण कृपा करून माझ्यावर बसायला येऊ नका. गेल्या चाळीसएक वर्षांत माझ्यावर कोणी बसलेले नाही, आणि आता बसलेच तर आम्ही दोघेही जमिनीवर येऊ. माझे काम वेगळे आहे. पिट्सबर्ग शहरात, नदीच्या वरच्या टेकडीवर एक अरुंद, चढाची गल्ली आहे. त्या गल्लीत रस्त्याच्या कडेला मी उभी असते आणि मोटारीची जागा राखते. ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो, मी हलत नाही. या कामात मी फार नाव कमावले. त्या नावाचे पुढे काय झाले, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. चकचकीत नळीचे चार पाय, पिवळ्या रेक्झिनची गादी आणि तशीच पिवळी पाठ. आम्ही सहा बहिणी आणि आमचे एक टेबल. १९६६ साली स्टॅनली स्टुपाक या तरुणाचे लोरेटाशी लग्न झाले, तेव्हा स्टॅनलीच्या आईने आमचा संच नव्या सुनेला भेट दिला. घर चिंचोळे होते. दोन्ही बाजूंची घरे भिंतीला भिंत लावून उभी, पुढे अंगण नाही, मागे वाट नाही. दारातून उतरले की पायरी, पायरीनंतर पदपथ आणि मग लगेच रस्ता.

स्वयंपाकघरातले माझे दिवस सुखाचे होते. स्टॅनली पोलादाच्या कारखान्यातून दमून यायचा आणि धपकन माझ्यावर बसायचा. नाताळच्या आधी गल्लीतल्या बायका आमच्या टेबलाभोवती जमत आणि बटाट्याचे सारण भरून करंजीसारख्या शेकडो पिएरोगी वळत. तेव्हा खुर्च्या कमी पडत, म्हणून शेजारून मागून आणत. मागायला दार ठोठवावे लागे. दार ठोठवले की आत बोलावणे होई, आत बोलावले की कॉफी होई, आणि खुर्ची न्यायला आलेली बाई तासाभराने खुर्चीशिवायच परत जाई.

एकदा दिवा बदलायला स्टॅनली बुटांसकट माझ्यावर चढला. माझी गादी टरकन फाटली. चूक त्याची, पण शिक्षा मला झाली. माझी रवानगी तळघरात झाली. तिथे कपडे धुण्याचे यंत्र, लोणच्याच्या बरण्या आणि भिंतीवरून जाणारा एक जाड लोखंडी नळ, एवढीच माझी सोबत. दोन हिवाळे मी तिथे काढले.

मग तो मोठा बर्फ पडला. स्टॅनलीने चार तास फावड्याने बर्फ उपसून दारासमोर आपल्या मोटारीपुरती जागा मोकळी केली आणि लहान मुलीच्या तापाचे औषध आणायला गाडी घेऊन गेला. परत येतो तर त्या जागेत भलत्याच कोणाची गाडी! आयत्या बिळावर नागोबा. स्टॅनलीने ती गाडी जाईपर्यंत वाट पाहिली, तळघरात उतरला, मला पाठीला धरून वर आणले आणि रस्त्यावर ठेवले. त्या दिवसापासून मी रस्त्याची झाले.

तुम्ही म्हणाल, रस्ता तर सरकारचा. खरे आहे. कायद्याने माझी किंमत शून्य आहे. पण आमच्याकडे कायद्याहून रीत मोठी. घरासमोर खुर्ची ठेवली की ती जागा त्या घराची. तिला हात लावायचा नाही. पोलिसांची गाडी जाते, पोलीस मला बघतात आणि मान दुसरीकडे वळवतात, कारण त्यांच्याही घरासमोर त्यांची खुर्ची उभी असते. आधी ही रीत फक्त बर्फापुरती होती. पुढे बर्फ वितळला, तरी खुर्च्या राहिल्या.

लोक मला 'स्टुपाकांची पिवळी' म्हणू लागले. पाहुण्यांना पत्ता सांगताना घराचा क्रमांक कोणी सांगत नसे, 'पिवळ्या खुर्चीच्या पुढे दोन घरं' असे सांगत. माझा तोरा वाढला. ज्या बहिणी स्वयंपाकघरात राहिल्या, त्या एकेक करून मोडल्या, भंगारात गेल्या. फाटकी म्हणून टाकलेली मी मात्र टिकले. नवल म्हणजे माझ्यामुळे दारे ठोठवणे बंद झाले, हे माझ्या लक्षातच आले नाही. पूर्वी कोणाला जागा हवी असली तर तो दार वाजवून विचारत असे. आता विचारायचे कारणच उरले नव्हते.

स्टॅनली गेला तेव्हा लोरेटाबाई सत्तरीच्या होत्या. मुलगी ॲरिझोनात, बहीण तासाभराच्या अंतरावर ग्रीन्सबर्गला. गुडघे दोन्ही गेलेले. दारापासून गाडीपर्यंत त्यांना अकरा लहान पावले चालावी लागत, आणि तेवढीच त्यांना जमत. दारासमोर जागा नसली तर गाडी टेकडीच्या खाली लावायची आणि बासष्ट पायऱ्या चढून घरी यायचे. ते त्यांना या जन्मात शक्य नव्हते. म्हणजे हिशेब सरळ होता. जागा असेपर्यंत बाजारहाट, चर्च, बहिणीकडे जाणे, सगळे त्यांचे त्या करणार. जागा गेली की गाडी गेली, गाडी गेली की घर विकून मुलीकडे नाहीतर वृद्धाश्रमात. माझ्या चार गंजक्या पायांवर एका बाईचे घर उभे होते, आणि ते मला चांगले ठाऊक होते.

समोरच्या घरात रेजिस नावाचा गृहस्थ राहतो. बायको गेलेली, मुलगा दूरच्या उपनगरात. स्टॅनलीचा मित्र. गल्लीतल्या सगळ्या खुर्च्यांचा तो स्वयंघोषित पोलीस पाटील. मनाने वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे ऐकून तुम्हाला तसे वाटेल.

तीन वर्षांपूर्वी ओहायोहून वेंडी नावाची बाई शेजारी राहायला आली. वय चाळीसच्या आसपास, दातांच्या दवाखान्यात कामाला. आली त्या दिवशी जानेवारीची कडाक्याची थंडी होती आणि सामानाने भरलेली गाडी लावायला तिला कुठे जागा नव्हती. तिने लोरेटाबाईंचे दार ठोठावले. बाई चर्चला गेल्या होत्या. मग तिने मला उचलून हळूच पदपथावर ठेवले, गाडी लावली, आणि 'माफ करा, तासाभरात काढते' अशी चिठ्ठी आपल्या फोन नंबरासह दारात खोचली. इतक्या अदबीने मला आजवर कोणी हलवले नव्हते. तरी मी संतापले. मला हात लावला म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडी दुसऱ्या गल्लीत लावलेली आपली गाडी काढायला गेली, तर गाडीवर बोटभर जाडीचा बर्फाचा थर. कोणीतरी बादल्या भरभरून पाणी ओतले होते. दारे उघडेनात. कोणी ओतले ते गल्लीत सगळ्यांना माहीत होते आणि कोणी बोलले नाही. लोरेटाबाई खिडकीतून बघून हसल्या. मीही हसले. मग रेजिस स्वतः खरवडणी घेऊन मदतीला गेला आणि जाता जाता तिला शहाणे करून आला.

"हे बघ पोरी, तू नवीन आहेस, म्हणून सांगतो. खुर्ची दिसली की पुढे जायचं. विचारायचं नाही, दार वाजवायचं नाही. खुर्ची म्हणजेच उत्तर."

वेंडी रडली नाही, भांडलीही नाही. ती शिकली. पुढच्या महिन्यात तिने स्वतःची घडीची खुर्ची आणली. रेजिस सगळ्यांना कौतुकाने सांगू लागला, "बाई तयार झाली हो आपल्यात."

आता त्या मंगळवारचे सांगते. मार्च महिना होता. लोरेटाबाईंच्या निळ्या गाडीचे ब्रेक कुरकुरत होते. सकाळी लवकर गॅरेजवाला डॉमिनिक आपल्या पोऱ्याला न पाठवता स्वतः आला आणि गाडी घेऊन गेला. त्या वेळी गल्लीत चिटपाखरू नव्हते. गाडी गेली तशा लोरेटाबाई सपाता घालून, ॲप्रन बांधलेल्याच बाहेर आल्या, मला ओढत आणून जागेवर ठेवले आणि नेहमीसारखे म्हणाल्या, "चल पिवळे, लाग कामाला." मग कठडा धरून आत गेल्या.

त्या सूप करणार होत्या. त्यासाठी आंबवलेल्या कोबीची बरणी आणायला तळघरात उतरल्या आणि तिसऱ्या पायरीवरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. हे सगळे मला नंतर कळले. पण नंतर कळले म्हणून मी सुटत नाही. कारण तळघराची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, पदपथाला टेकलेली, जाड काचेच्या विटांची, वर हवेसाठी हातभर झडप. मी त्या खिडकीपासून चार फुटांवर उभी होते.

दुपारी मला आवाज ऐकू आला. टण, टण, टण. मग थांबून पुन्हा टण, टण. मी दोन हिवाळे त्या नळाशेजारी काढले आहेत. तो आवाज मी ओळखला, तळघरातून कोणीतरी नळ ठोकत होते. पण खुर्चीला कान असले तरी तोंड नसते, आणि तोंड असलेले जे जे येत होते ते माझ्याकडे बघून पुढे जात होते.

रेजिस दुकानातून पाव घेऊन आला. माझ्याकडे पाहून स्वतःशीच म्हणाला, लोरेटा ग्रीन्सबर्गला गेली वाटतं. टपालवाल्याने पत्रे टाकली. डॉमिनिकने दोनदा फोन केला, तो घरात वाजताना मी ऐकला.

बुधवारी संध्याकाळी वेंडी कामावरून आली. तिची घडीची खुर्ची जागेवर होती, तिने गाडी लावली आणि ती तिथेच घुटमळली. रेजिस समोर कचऱ्याची पिंपे बाहेर काढत होता. दोघे माझ्याजवळ येऊन उभे राहिले. नेमकी तेव्हाच खालची टण टण थांबली होती.

"लोरेटांच्या स्वयंपाकघरात कालपासून दिवा जळतोय," वेंडी म्हणाली. "पत्रं पण तशीच आहेत. एकदा दार ठोठवू का?"

"खुर्ची बाहेर आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. खुर्ची बाहेर म्हणजे गाडी बाहेर. गाडी बाहेर म्हणजे बाई बाहेर. बहिणीकडे राहिली असेल. दिवा विसरते ती हल्ली."

"तरी पण..."

"तू ठोठवशील आणि ती उद्या येऊन म्हणेल, ही जागेसाठी नाक खुपसायला आली होती. हवंय कशाला? मागचं विसरली नाहीये ती."

वेंडीने दाराकडे पाहिले. दार तिच्यापासून सहा पावलांवर होते. मग तिने माझ्याकडे पाहिले, आणि ती आपल्या घरी गेली. मित्रांनो, मी वेंडीला दोष देत नाही. जिने येताच दार ठोठावले होते, तिला आम्हीच बर्फाने शिकवले होते की ठोठवू नये. त्या क्षणी मला स्वतःची जितकी किळस आली तितकी तळघरातल्या उंदरांचीही कधी आली नव्हती.

टण टण त्यानंतरही होत राहिले. पण अंतर वाढत गेले. गुरुवारी सकाळी ते थांबले.

गुरुवारी दुपारी डॉमिनिक गाडी घेऊन आला. फोन उचलत नाहीत, तर गाडी दारात लावून किल्ली आत टाकावी, असा त्याचा विचार. तो उतरला आणि मला उचलून बाजूला ठेवू लागला. तोच समोरचे दार धाडकन उघडले.

"ए, ठेव ती खाली!" रेजिस मोज्यांवरच रस्त्यात आला. "कोणाची जागा आहे माहीत आहे का?"

आजूबाजूच्या तीन दारांतून माणसे बाहेर आली. दोन दिवस एका बाईसाठी जे दार उघडले नव्हते, ते एका खुर्चीसाठी पापणी लवायच्या आत उघडले. वेंडीची त्या दिवशी सुट्टी होती. तीही आली.

डॉमिनिक मला हातात धरून उभा. "अहो, कोणाची म्हणजे काय? तिचीच गाडी आहे ही. ब्रेक बदलून आणलेत."

रेजिसने गाडीकडे पाहिले. निळी गाडी. मागच्या काचेवर चर्चचा स्टिकर.

"कधी नेली होतीस?"

"मंगळवारी सकाळी. ती स्वतःच होती की दारात, मला हात केला तिने."

वेंडी धावली. सहा पावले होती. आधी तिने दार ठोठावले, दोन दिवस उशिरा, आणि मग डॉमिनिकने खांद्याने कुलूप मोडले.

रुग्णवाहिका आली तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या आणि खुर्च्या. थांबायला एकच मोकळी जागा होती, माझी. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा योग्य माणसाला जागा दिली असेल.

लोरेटाबाई जिवंत होत्या. ओठ फुटलेले, चेहरा राखेसारखा. हातात बरणीचे पत्र्याचे झाकण घट्ट धरलेले, ते कोणाला काढता येईना. त्यांना माझ्याजवळूनच नेले. रेजिस रुग्णवाहिकेच्या दाराशी वाकला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "लोरेटा, आम्हाला वाटलं तू बाहेर गेलीस. खुर्ची होती ना गं."

बाईंनी डोळे उघडले. आवाज असा की मला कान द्यावा लागला.

"मला ऐकू येत होतं, रेजिस. झडप उघडी होती. ती म्हणाली, ठोठवू का. तू नको म्हणालास. मी खालून हाका मारत होते. घसाच बसला होता."

रेजिस मागे सरकला आणि रुग्णवाहिकेचे दार लागले.

हाड जुळले नाही. लोरेटाबाईंना वृद्धाश्रमात ठेवावे लागले. जे होऊ नये म्हणून मी चाळीस वर्षे उभी होते, नेमके तेच माझ्यामुळे झाले. गल्लीला मग फार वाईट वाटले. वरातीमागून घोडे आले, आणि थाटात आले. रोज कोणीतरी मला पुसत होते, पायांना तेल देत होते. त्यांच्या जागेत कोणी चाकसुद्धा टेकवले नाही. पाहुणे आले तरी लांब लावायला सांगायचे. वेंडी आणि रेजिस मे महिन्यात बाईंना भेटायला गेले, सूप घेऊन. परत आल्यावर वेंडी माझ्या शेजारी पायरीवर बसून आपल्या आईला फोनवर सगळे सांगत होती. रेजिस बाईंना म्हणाला होता, काळजी करू नकोस, तुझी जागा अजून आहे, आम्ही कोणाला हात लावू दिला नाही. बाईंनी सुपाचा चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हो. जागेकडे तुमचं नेहमीच लक्ष होतं."

जूनमध्ये लोरेटाबाई गेल्या. मुलीने येऊन घर विकले.

त्यानंतर चर्चच्या सभागृहात गल्लीची बैठक झाली. असे पुन्हा होऊ नये यावर सगळ्यांचे एकमत होते. दोन तास चर्चा झाली आणि ठरले की यापुढे प्रत्येकाने खुर्चीला चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर लिहावे, 'गाडी बाहेर आहे, मी पण बाहेर आहे' किंवा 'गाडी बाहेर आहे, मी घरात आहे'. म्हणजे कोणाला शंका नको. पावसात शाई उतरू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशव्याही वाटल्या. दार ठोठवावे, असे कोणीही सुचवले नाही. वेंडी उठून उभी राहिली होती म्हणतात, पण तेवढ्यात पिशव्या वाटायला सुरुवात झाली.

आता मी रेजिसच्या घरासमोर असते. लोरेटाबाईंची आठवण म्हणून तो मला घेऊन गेला. गेल्या वर्षी दृष्टी अधू झाली म्हणून त्याने गाडी विकली, पण जागा सोडवत नाही. रविवारी मुलगा येतो, त्याला लागते म्हणतो. मुलगा महिन्यातून एखाद्या रविवारी येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून अशा गोष्टी संपवायची पद्धत आहे. मला तसे म्हणवत नाही. मला खूप जपले. मला गंजू द्या, भंगारात द्या, माझ्यावरून गाडी घाला. पण राखलेली जागा दिसली की तिच्यामागचे दारही बघा, आणि ते ठोठवा. आतल्या माणसाला वाटेल, जागेसाठी आला. वाटू द्या. तुमचा अपमान होईल, तो होऊ द्या. तोंड दिलेल्या प्राण्यांनी तरी गप्प बसू नये, एवढेच माझे मागणे आहे.

काल सकाळी एक गाडी माझ्यापाशी थांबली. आतल्या बाईने काच खाली केली, मान बाहेर काढून माझी चिठ्ठी वाचली आणि "सॉरी" म्हणून पुढे गेली. ती माझी माफी मागून गेली. चिठ्ठीवर 'मी पण बाहेर आहे' असे लिहिलेले आहे. गेल्या हिवाळ्यात एकदा लिहिली, ती रेजिसने बदललेली नाही. तो आत आहे. कालपासून त्याने खिडकीचा पडदा उघडलेला नाही.